गोठ्याचे आरोग्य आणि घरातील मूल

बालरोगतज्ज्ञाने गाई-म्हशींच्या गोठ्याविषयी लेख लिहावा, हे काही वाचकांना चमत्कारिक वाटण्याचा संभव आहे. परंतु बेळगावात बालरुग्णांवर उपचार करणाऱ्या कोणत्याही डॉक्टरला गोठा दूर ठेवता येत नाही. माझ्याकडे येणारी पुष्कळ मुले खानापूर, हुक्केरी, चिकोडी, गोकाक आणि सीमेपलीकडील चंदगड या तालुक्यांतील शेतकरी कुटुंबांतून येतात. घरी दोन-चार जनावरे असतात. दूध संस्थेत घातलेल्या दुधाचे पैसे हातात आले की मुलांची फी, किराणा आणि आमची औषधे भागतात. अशा घरातील जनावर आजारी पडले की त्याची झळ मुलाला दोन वाटांनी लागते. काही रोग थेट मुलापर्यंत पोहोचतात. आणि रोग पोहोचला नाही तरी दूध आटल्यामुळे मुलाच्या ताटातील आणि औषधपाण्यातील पैसा कमी होतो.

जनावरांवर उपचार करणे हे पशुवैद्यांचे काम आहे आणि ते त्यांनीच करावे. मात्र गोठा निरोगी राखण्याचे बहुतेक नियम आपण बालरोगशास्त्रात रोज वापरतो त्याच नियमांचे भावंड आहेत. पहिले दूध, वेळेवर लस, स्वच्छ नाळ, आजाऱ्याला वेगळे ठेवणे आणि लेखी नोंद, एवढीच ती शिदोरी. म्हणून शेतकऱ्याला ते समजावून सांगण्यात आपल्यासारख्या डॉक्टरांचा उपयोग होऊ शकतो. प्रस्तुत लेखाचा हेतू तेवढाच आहे.

जुने नाते

माणसाचे वैद्यक आणि जनावरांचे वैद्यक यांचे नाते नवे नाही. एडवर्ड जेन्नर यांनी १७९६ साली गाईच्या देवीपासून माणसाच्या देवीवर संरक्षण मिळवले. ‘व्हॅक्सिन’ हा शब्दच ‘व्हॅका’, म्हणजे गाय, या लॅटिन शब्दावरून आला. आपल्याकडे जनावरांच्या रोगांचा अभ्यास करण्यासाठी इंपीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी १८८९ साली पुण्यात स्थापन झाली. पुढे ती कुमाऊँच्या डोंगरात मुक्तेश्वरला हलली आणि आजची भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था तिच्यातूनच उभी राहिली.

जुन्या शेतकऱ्यांना ‘बुळकांडी’ हा शब्द अजून आठवतो. गावेच्या गावे जनावरांवाचून ओस पाडणारा हा रोग. त्याचा विषाणू आपल्या गोवराच्या विषाणूचा अगदी जवळचा नातेवाईक. लस, गावोगावची पाहणी आणि आजारी जनावरांवर बंदी या तीन गोष्टींनी बुळकांडी हटली; २०११ साली ती जगातून नष्ट झाल्याचे जाहीर झाले. देवीनंतर पृथ्वीवरून पूर्णपणे गेलेला हा दुसरा रोग. गोवर मात्र अजून आपल्यात आहे. या बाबतीत जनावरांचे डॉक्टर आपल्या पुढे गेले, हे मोकळेपणाने मान्य करावयास हवे.

वासराचा पहिला दिवस

नवजात अर्भकाला पहिल्या तासात आईचे दूध मिळावे म्हणून आपण किती झटतो! मध, गुटी, साखरपाणी यांच्याशी आपला झगडा अद्याप संपलेला नाही. वासराच्या बाबतीत हा प्रश्न अधिक निकडीचा आहे. मानवी गर्भाला वारेतून आईच्या रक्तातील प्रतिपिंडे मिळतात. गाई-म्हशींच्या वारेची रचना निराळी असल्याने वासरू जवळजवळ प्रतिपिंडांशिवाय जन्माला येते. त्याचे सारे संरक्षण चिकात असते. वासराच्या आतड्याला ही प्रतिपिंडे जशीच्या तशी शोषून घेता येतात, पण फक्त पहिले काही तास. चोवीस तासांनंतर ते दार बंद होते.

म्हणून वासराच्या वजनाच्या सुमारे दहावा भाग इतका चीक पहिल्या बारा तासांत पोटात जावयास हवा आणि त्यातला पहिला वाटा जन्मानंतर तासा-दोन तासांत. तीस किलोच्या वासराला हा हिशेब तीन लिटर येतो. आपल्या खेड्यांत अनेक ठिकाणी ‘वार पडल्याखेरीज वासराला पाजू नये’ अशी समजूत आहे. वस्तुतः वासरू कासेला लागले की ऑक्सिटोसिन स्रवते आणि वार पडण्यास मदतच होते. बाळ छातीशी लावले असता गर्भाशय आकुंचन पावते, हे आपण प्रसूतिगृहात पाहतोच. दुसरी गोष्ट खरवसाची. खरवस मलाही आवडतो. परंतु पहिला चीक वासराचा आणि त्याचे पोट भरल्यावर उरलेला खरवसाचा, हा क्रम घराघरात सांगितला पाहिजे.

नाळेचेही तसेच. तिला शेण-माती लागू न देता टिंक्चर आयोडीनमध्ये बुडवावे. नाळेतून शिरलेला जंतू पुढे सांध्यात आणि रक्तात जातो, हे नवजात अर्भकांच्या डॉक्टरांना निराळे सांगण्याची गरज नाही. म्हशीच्या पारड्यांना तर आईच्या दुधातूनच मोठे गोल जंत येतात. त्यामुळे जंताचे पहिले औषध दहा ते पंधरा दिवसांच्या वयातच पशुवैद्याच्या सल्ल्याने द्यावे लागते.

गोठ्याचे लसीकरण-पत्रक

मुलाचे लसीकरण-पत्रक आई जपून ठेवते. तसेच पत्रक गोठ्यात खुंटीला टांगलेले असावे. त्यात ढोबळ मानाने पुढील नोंदी असाव्यात.

चौथ्या महिन्यात लाळ्या-खुरकुताची पहिली लस, महिनाभराने तिची पुनर्मात्रा आणि त्यानंतर दर सहा महिन्यांनी. सहा महिन्यांपुढे घटसर्प आणि फऱ्या यांच्या लसी, दरवर्षी पावसाळ्यापूर्वी. चार ते आठ महिन्यांच्या कालवडी आणि पारड्यांना सांसर्गिक गर्भपाताची, म्हणजे ब्रुसेल्लोसिसची लस, आयुष्यात एकदाच.

लस टोचल्यावर जनावराला थोडा ताप येतो आणि दूध दोन-तीन दिवस कमी होते. एवढ्यावरून काही शेतकरी लस टाळतात. त्रिगुणी लशीनंतर बाळाला ताप आला म्हणून पुढच्या वेळी न येणाऱ्या आईशी आपण जसे बोलतो, तसेच यांच्याशीही बोलावे लागते. दोन दिवसांचे दूध गेल्याचे दिसते. न झालेला रोग मात्र दिसत नाही, हीच लशीची अडचण!

येथे एक गैरसमज दूर करावासा वाटतो. लहान मुलांना होणारा ‘हात-पाय-तोंडाचा’ आजार आणि जनावरांचा लाळ्या-खुरकूत हे दोन वेगळे विषाणू आहेत. गोठ्यात लाळ्या आला म्हणून मुलाच्या तोंडात फोड आले, असे समजू नये. २०२२ साली लम्पीची मोठी साथ आली, तेव्हाही दुधाविषयी भीती पसरली होती. तो रोग माणसाला होत नाही. याच्या उलट, ज्या रोगाची खरोखर भीती बाळगावयास हवी त्याचे नाव फारसे कोणी घेत नाही.

सांसर्गिक गर्भपात

१८८७ साली माल्टा बेटावर डेव्हिड ब्रूस या लष्करी डॉक्टरने तापाने दगावलेल्या सैनिकांच्या प्लीहेतून एक जंतू वेगळा केला. तो कोठून येतो हे कळावयास आणखी अठरा वर्षे गेली. १९०५ साली थेमिस्टोक्लिस झामिट यांना तो बेटावरील धडधाकट दिसणाऱ्या शेळ्यांमध्ये सापडला. सैनिकांना शेळीचे दूध देणे बंद झाले आणि त्यांच्यातील ताप झपाट्याने ओसरला. दरम्यान १८९७ साली डेन्मार्कचे पशुवैद्य बर्नहार्ड बांग यांनी गाभडणाऱ्या गाईंमधील जंतू शोधला होता. हे दोन्ही जंतू एकाच कुळातील आहेत, हे अ‍ॅलिस इव्हान्स यांनी १९१८ साली दाखवून दिले. माणसाचा ताप आणि गाईचे गाभडणे यांचा संबंध असा उलगडला.

या रोगात गाय किंवा म्हैस गाभणकाळाच्या उत्तरार्धात गाभडते आणि वार अडकते. पुढची गोष्ट अधिक फसवी आहे. बहुतेक जनावरे एकदाच गाभडतात. पुढच्या वेतात वासरू जिवंत जन्मते, दूधही येते आणि शेतकऱ्याला वाटते की संकट टळले. परंतु जंतू कासेत आणि तिच्याजवळच्या लसिकाग्रंथींत मुक्काम करून असतो. प्रत्येक विण्याच्या वेळी स्रावातून आणि पुढे दुधातून तो बाहेर पडत राहतो. गाभडलेले वासरू, वार आणि स्राव यांत जंतूंची संख्या प्रचंड असते. दावणीच्या इतर जनावरांना तो चाऱ्या-पाण्यातून लागतो. माणसाला तो न तापवलेल्या दुधातून, हातावरच्या लहानशा जखमेतून, डोळ्यातून आणि श्वासातूनही लागू शकतो.

आपल्याकडे बहुतेक घरांत दूध उकळले जाते, हे मोठे संरक्षण आहे. परंतु धारोष्ण दुधाचे कौतुकही आपल्यात आहे. कोल्हापूरच्या दूध कट्ट्यांवर समोर पिळलेल्या म्हशीच्या दुधाचे पेले रिचवले जातात, आणि आजोबा नातवाला कासेखालची धार पाजतात. या प्रथेमागची माया मला समजते. मात्र दूध एकदा उकळल्याने त्यातील पौष्टिकता फारशी उणावत नाही आणि हा जंतू हमखास मरतो. पाश्चरीकृत पिशवीतील दुधातूनही ही भीती उरत नाही. राहता राहिला तो स्पर्श. अडलेल्या जनावराला उघड्या हाताने सोडवणे, वार हाताने ओढणे, गोठा झाडणे ही कामे घरातील माणसे करतात, त्यातही स्त्रिया अधिक. गर्भवती स्त्रीला या रोगाने स्वतःच्या गर्भालाही धोका पोहोचू शकतो. काही गावांत वार गोणपाटात बांधून वडाच्या झाडाला टांगतात. वडाला जसा चीक येतो तसे म्हशीला दूध यावे, अशी त्यामागची समजूत. कावळ्या-कुत्र्यांनी ती फाडली की रोग गावभर होतो. वार चुना टाकून खोल खड्ड्यात पुरणे हाच उपाय आहे.

विजापूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातील सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांनी २००४ साली ब्रुसेल्लोसिस झालेल्या ९३ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. विजापूर आपल्यापासून दूर नाही. त्या मुलांपर्यंत जंतू पोहोचला, तसा आपल्या भागातील मुलांपर्यंतही पोहोचतो. प्रश्न त्याला शोधण्याचा आहे.

एक मुलगा आणि एक म्हैस

काही वर्षांपूर्वी खानापूर तालुक्यातील नऊ वर्षांचा एक मुलगा माझ्याकडे आला. तीन आठवडे ताप, संध्याकाळी वाढणारा. पहाटे अंथरूण भिजेल इतका घाम. आणि उजव्या पायाने लंगडणे. टायफॉइडचे औषध घेऊन ताप उतरला होता आणि पुन्हा चढला होता. प्लीहा हाताला लागत होती. घरी जनावरे आहेत का, असे विचारल्यावर आजी म्हणाली, “गेल्या महिन्यात म्हस गाभडली की हो! आठवा महिना होता तिला.” मुलाने वडिलांना गोठा साफ करू लागला होता. तपासणीत ब्रुसेल्लाचे प्रमाण एकास सहाशे चाळीसपर्यंत आले. घरातील सर्वांच्या रक्ताची तपासणी केली, तेव्हा आईलाही संसर्ग असल्याचे आढळले. दोघांनी सहा आठवडे औषधे घेतली आणि दोघेही बरे झाले.

खरा पेच त्यानंतर आला. वडिलांनी विचारले, “डॉक्टरसाहेब, म्हैस बाजारात विकून टाकू का?” प्रश्न प्रामाणिक होता. म्हैस कर्जाने घेतलेली, आधीच एक वेत बुडालेले. बाजारात तिच्या गाभडण्याविषयी कोणी विचारणार नव्हते. कदाचित तीही अशाच एखाद्या घरातून बाजारमार्गे यांच्याकडे आली असेल. मी एवढेच म्हणालो, “जो घेईल त्याच्याही घरी मूल असेल.” आणि त्यांना तालुक्याच्या पशुवैद्यांकडे पाठवले. त्यांनी रक्त तपासून रोग निश्चित केला आणि मार्ग दाखवला. म्हैस विकायची नाही, विण्यापूर्वी तिला स्वतंत्र छपरात बांधायचे, विण्याचे काम हातमोजे घालून, वार पुरायची, दूध उकळूनच वापरायचे, आणि गोठ्यातील योग्य वयाच्या सर्व पारड्यांना लस. त्या गृहस्थांनी हे पाळले. त्यात त्यांचे नुकसान झाले नाही असे म्हणता येणार नाही. वेगळे छप्पर बांधावे लागले आणि म्हशीची किंमत गमवावी लागली. मात्र तो रोग त्यांच्या गोठ्यातून पुढच्या गावाला गेला नाही.

परदेशातला मार्ग आणि आपला मार्ग

ज्या देशांत मांसासाठी गुरांचे मोठमोठे कळप पाळतात, तेथे या रोगाशी लढण्याचा मार्ग वेगळा होता. ऑस्ट्रेलियाने १९७० साली राष्ट्रीय मोहीम हाती घेतली. दूरदूरच्या कुरणांवरील कळप गोळा करून प्रत्येक जनावराचे रक्त तपासावे, बाधित जनावर कत्तलखान्यात पाठवावे, मालकाला भरपाई द्यावी आणि कळप रोगमुक्त ठरेपर्यंत त्याच्या हालचालींवर निर्बंध ठेवावा, असा तो क्रम. १९८९ साली तो देश गाईंच्या ब्रुसेल्लोसिसमधून मुक्त झाला. त्या मोहिमेचा कणा भरपाई हा होता. रोग उघड केल्यास आपण बुडणार नाही, हा विश्वास असेल तरच पशुपालक रोग उघड करतो.

आपल्याकडे कायदा, श्रद्धा आणि दोन जनावरांवर चालणारा प्रपंच या तिन्ही कारणांनी तो मार्ग बंद आहे. म्हणून आपला भर लशीवरच असला पाहिजे. सप्टेंबर २०१९ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. लाळ्या-खुरकूत आणि ब्रुसेल्लोसिस या दोन रोगांविरुद्ध विनामूल्य लसीकरण हे त्याचे सूत्र. जनावराच्या कानातील बारा अंकी बिल्ला म्हणजे त्याचे ओळखपत्र. लसीची नोंद त्या क्रमांकावर होते. ब्रुसेल्लाची ‘एस-१९’ ही लस जिवंत जंतूंची असल्याने ती गाभण जनावराला किंवा नराला देत नाहीत. मोठ्या वयात दिल्यास पुढे रक्ततपासणीत रोग आणि लस यांतील फरक कळेनासा होतो. म्हणूनच चार ते आठ महिने ही मुदत पाळावयाची. टोचणाऱ्याच्या बोटात सुई गेली तर त्यालाही रोग होऊ शकतो. असा कर्मचारी आपल्याकडे आला तर त्याला हसून परत पाठवू नये.

लशीच्या जोडीला काही साध्या शिस्ती आहेत. नवे जनावर आणले की तपासणी होईपर्यंत तीन-चार आठवडे ते वेगळे बांधावे. विण्याची जागा स्वतंत्र ठेवावी. शेळ्या-मेंढ्या विताना गाई-म्हशींजवळ नसाव्यात. माज, रेतन, विणे, गाभडणे यांच्या तारखा वहीत लिहाव्यात; स्मरणावर विसंबू नये. प्यायला पाणी चोवीस तास समोर असावे. आणि प्रतिजैविक टोचलेल्या जनावराचे दूध पशुवैद्य सांगतील तितके दिवस संस्थेत घालू नये. औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंशी आपण अतिदक्षता विभागात झुंजतो, तेव्हा त्याचा एक धागा गोठ्यातूनही येतो हे विसरून चालणार नाही.

आपण काय करावे

माझ्या व्यवसायबंधूंना माझी विनंती तीन गोष्टींची आहे.

पहिली, दोन आठवड्यांहून अधिक ताप, घाम, सांधेदुखी किंवा वाढलेली प्लीहा असलेल्या मुलाच्या केसपेपरवर एक प्रश्न लिहिलेला असावा : घरी जनावर आहे का, आणि ते गाभडले आहे का? टायफॉइड, क्षय आणि संधिवात यांच्या रांगेत ब्रुसेल्लोसिसलाही जागा द्यावी. रक्ताचे कल्चर पाठवताना शंका प्रयोगशाळेला कळवावी. कारण हा जंतू तेथील कर्मचाऱ्यांनाही लागतो.

दुसरी, एकाच औषधावर थांबू नये. आठ वर्षांखालील मुलांना कोट्रायमॉक्साझोल आणि रिफाम्पिसिन, त्यावरील मुलांना डॉक्सिसायक्लिन आणि रिफाम्पिसिन, किमान सहा आठवडे. हाडे, मेंदू किंवा हृदय यांना बाधा असल्यास अधिक काळ. ताप आठवड्यात उतरतो आणि पालक औषध थांबवतात. रोग परत येतो तो येथेच.

तिसरी, निदान झाले की पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवावे. एक मूल बरे करून गोठा तसाच सोडणे म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसण्यासारखे आहे. आपल्या मंडळाची खेड्यांतील आरोग्य शिबिरे होतात, तेव्हा एका टेबलाशी पशुवैद्यांनाही सन्मानाने बसवावे, असे मी या निमित्ताने सुचवतो. मुलाचे लसीकरण-पत्रक तपासताना आईला घरच्या कालवडीचा बिल्लाही विचारता येईल. त्याला खर्च येणार नाही आणि वेळही फारसा लागणार नाही.

शेतकरी बंधू-भगिनींना एवढेच सांगणे आहे की, गाभडलेले जनावर लपवू नका आणि बाजारात लोटू नका. आधी पशुवैद्यांना बोलवा. दूध उकळून घ्या, वार पुरा, आणि चार महिन्यांच्या कालवडीला लस टोचून घ्या. ती कालवड तुमच्या घरच्या मुलांबरोबरच वाढणार आहे.